कायदेशीर बेटिंग ॲप: एका मोसमाचं खातं

ॲपचं नाव लिहिणार नाही. न्यू जर्सीत परवाना असलेली बरीच ॲप्स आहेत, आणि मला जे खटकलं ते एकट्या त्या कंपनीचं असेल असं वाटत नाही.

मी इथे लोकांचे टॅक्स रिटर्न भरते. जानेवारी ते 15 एप्रिल मान वर करायला फुरसत नसते, उरलेलं वर्ष छोट्या धंद्यांचे हिशेब. जुगाराशी संबंध म्हणाल तर दिवाळीतली तीन पत्ती, तीही काड्यापेटीतल्या काड्या लावून. तरी गेल्या सप्टेंबरात मी फोनवर बेटिंगचं ॲप घेतलं आणि सुपर बोल, म्हणजे अमेरिकी फुटबॉलची फेब्रुवारीतली फायनल, होईपर्यंत वापरलं. त्याला कारण एक मुलगा.

मार्च 2025 ची गोष्ट. मुलगा पंचविशीतला, नोकरी चांगली. आईवडील ओळखीचे, म्हणून मी काकू. कागद पुढे करत म्हणाला, "काकू, बेटिंगचं काही लिहायला नको ना? मी ब्रेक-इव्हन आहे, गेले तितके आले." मी म्हटलं, बाबा रे, इथला केंद्रीय कर ब्रेक-इव्हन बघत नाही. जिंकलेले सगळे पैसे उत्पन्नात धरायचे, हरलेले वेगळे, तेही आयटमाइज करत असशील, म्हणजे एकेक वजावट मोजून दाखवत असशील, तरच. स्टेटमेंट दाखव. ते शोधायला त्याला फोनवर दहा मिनिटं लागली. वर्षभरात भरलेले 11,240 डॉलर, काढलेले 4,805, खात्यात शिल्लक शून्य. (आकडे थोडे हलवलेत, ओळख पटू नये म्हणून.) म्हणजे 6,435 गेले. तो बराच वेळ फोनकडेच बघत राहिला आणि म्हणाला, "हे बोनस धरून असेल." बोनस त्यात धरलेलाच नव्हता.

त्याच फोनचा वॉलपेपर मात्र 2,300 डॉलर जिंकलेल्या एका चिठ्ठीचा स्क्रीनशॉट होता.

मला राग आला नाही, कुतूहल वाटलं. इतका हिशेबी मुलगा सहा हजारांचा खड्डा कसा विसरतो? म्हणून ठरवलं, 300 डॉलर बाजूला काढायचे, मोसमभर आपणच खेळून बघायचं, वहीत सगळं लिहायचं. नवरा म्हणाला, "तुझ्यासारखीलाच लागतं व्यसन." मी हसले होते.

खातं उघडायला सात मिनिटं लागली. सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे, लायसन्सचा फोटो, वय 21 च्या वर, बस. बँकेचं खातं जोडायला इतका कमी त्रास मला माझ्या स्वतःच्या बँकेनेही कधी दिलेला नाही. मग लोकेशन तपासलं जातं, कारण बेट लावताना तुम्ही राज्याच्या हद्दीत असायला हवं. ही तपासणी खरोखर कडक आहे. जर्सी सिटीच्या धक्क्यावर बसून एकदा प्रयत्न केला तर ॲप दोनदा अडलं, मी हडसन नदीच्या अलीकडे आहे की पलीकडे न्यूयॉर्कमध्ये, हे त्याला नक्की कळेना. न्यूयॉर्कमध्ये ऑनलाइन बेटिंग जानेवारी 2022 मध्ये सुरू झालं. तोवर तिकडची मंडळी सायकलवर पूल ओलांडून आमच्या हद्दीत यायची, बेट लावायची आणि परत जायची. तेव्हा मला ते मजेशीर वाटायचं.

थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर "कायदेशीर" या शब्दाचा अर्थ लागत नाही. 1992 चा एक केंद्रीय कायदा होता, ज्याने नेवाडासारखी मोजकी राज्यं सोडून सगळीकडे खेळांवरच्या सट्ट्याला परवानगी द्यायला बंदी घातली. तो आणण्यात पुढाकार न्यू जर्सीचेच सिनेटर बिल ब्रॅडली यांचा, स्वतः बास्केटबॉलपटू. आणि तो मोडून काढायला वर्षानुवर्षं कोर्टात भांडलं तेही न्यू जर्सीच. 14 मे 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द केला आणि बरोबर महिन्याने, 14 जूनला, मॉन्मथ पार्कच्या रेसकोर्सवर गव्हर्नर फिल मर्फी यांनी समारंभाने पैसे लावले. फुटबॉल विश्वचषक जर्मनी जिंकणार म्हणून. जर्मनी 27 जूनला पहिल्याच फेरीत बाहेर. राज्याच्या पहिल्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी तेरा दिवसांत रद्दीत गेली, हे मला त्या सगळ्या प्रकरणातलं सर्वात प्रामाणिक दृश्य वाटतं.

आता ॲप. दिसायला सुरेख. कुठलाही सामना उघडा, भाव समोर. वजा 110 असं लिहिलेलं असतं, म्हणजे 100 जिंकायला 110 लावायचे. दोन्ही बाजूंना वजा 110, मधला फरक कंपनीचा. शंभरातले बावन्न-त्रेपन्न अंदाज बरोबर आले तर तुम्ही जेमतेम पाण्याच्या वर. कंपनीचा हिस्सा साडेचार टक्क्यांच्या आसपास, आणि इतपत मला मान्य आहे. धंदा आहे, कमावणारच.

पण साधा बेट ॲपला आवडत नाही. तुम्ही एक लावला की खालून एक पट्टी सरकत येते, "यात आणखी जोडा." हा पार्ले. (शब्द ऐकला की मला बिस्किटंच आठवतात, काय करणार.) तीन-चार अंदाज एकत्र बांधायचे, सगळे बरोबर आले तरच पैसे. मी वहीत गणित मांडलं. नाणेफेकीसारखे चार बेट, प्रत्येकी वजा 110. चारही बरोबर येण्याची शक्यता सोळात एक, म्हणजे डॉलरला 16 मिळायला हवेत. मिळतात 13.28. कंपनीचा हिस्सा साडेचारवरून थेट 17 टक्के. एकाच सामन्यातले अंदाज बांधले तर भाव तेच ठरवणार, तिथे गणित करून बघायचीही सोय नाही. आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरात काय, तर हेच. अमक्याचं टचडाऊन, तमक्याचे 60 यार्ड, बोट लावा की पाच डॉलरचे सत्तर.

हे सगळं स्वतः मांडूनही मी 97 पार्ले लावले. पाच-पाच डॉलरचे. चारपैकी तीन बरोबर आले की "थोडक्यात हुकलं" असं वाटतं, आणि ते वाटणंच विकायला ठेवलेलं आहे.

कॅश आउट म्हणून एक बटण असतं. सामना अर्धा झाला की ॲप म्हणतं, आत्ताच सोड, 11 डॉलर 40 सेंट देतो. पहिल्यांदा ही सोय वाटते. वास्तविक तो दुसरा सौदा असतो, त्यातही त्यांचा हिस्सा कापलेला. मी तीनदा दाबलं, तीनही वेळा मागून पश्चात्ताप, कधी दाबल्याचा, कधी उशिरा दाबल्याचा.

2 नोव्हेंबरचा रविवार. महिला विश्वचषकाची फायनल, नवी मुंबईत भारत आणि दक्षिण आफ्रिका. पावसाने उशीर झालेला, आमच्याकडे सकाळी साडेसहाला सामना सुरू झाला. घड्याळं त्याच रात्री एक तास मागे गेली होती, त्यामुळे सगळे आळसावलेले. शफालीच्या 87 धावा आम्ही पांघरुणं घेऊन सोफ्यावर बघितल्या. दुपार झाली, आफ्रिकेची लॉरा वोल्वार्ट एकटी किल्ला लढवत होती. मी मधेच कधीतरी, चहाचं आधण उकळेपर्यंत, तिच्या 110 धावा होतील यावर 15 डॉलर लावले होते. भाव चांगला होता एवढंच कारण. ती 101 वर. दीप्तीच्या चेंडूवर उंच फटका मारला, खाली अमनजोत कौर. चेंडू हातातून उडाला, पुन्हा उडाला, तिसऱ्यांदा तिने धरला. मुलगी किंचाळली, नवऱ्याने उशी फेकली. आणि तो चेंडू हवेत असताना मी मनात म्हणत होते, पड, पड, पड.

आपल्या मुलींचा पहिला विश्वचषक. 1983 ला वडिलांनी शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर मला खांद्यावर घेतलं होतं म्हणे. आणि मी पंधरा डॉलरसाठी झेल सुटायची वाट बघत होते. घरात कुणाला सांगितलं नाही. इथेच पहिल्यांदा लिहिते आहे.

तुम्हाला वाटेल, तिथेच ॲप काढून टाकलं असेल. छे. वही लिहिणं मात्र त्या आठवड्यात थांबलं.

लाइव्ह बेटिंग हा या ॲपचा खरा आत्मा. अमेरिकी फुटबॉलमध्ये पुढच्या डावात टचडाऊन की किक, टेनिसमध्ये पुढचा पॉइंट कुणाचा. निकाल अर्ध्या मिनिटात. डिसेंबरात एका रात्री झोप येईना म्हणून फोन घेतला. दीड वाजता इथे कुठलाच खेळ नसतो, पण ॲपवर असतो. कुठल्या तरी युरोपी हॉलमध्ये दोन पुरुष टेबल टेनिस खेळत होते. प्रेक्षक नाहीत, एकाच्या गुडघ्याला पट्टा. नावं मला वाचता येत नव्हती. पट्टेवाल्यावर 10 लावले, मग 10, मग तिसरा गेम हरला म्हणून 20. खात्यातले संपले तेव्हा आणखी 50 भरले, चेहरा दाखवला की झालं. दुसऱ्या दिवशी बँकेचा मेसेज बघितला तर 50 दोनदा भरलेले. दुसरी वेळ मला आठवतच नव्हती.

माझा मामा गिरणीत होता, मटका लावायचा. मजा बघा, मटका सुरू झाला तोच न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजच्या भावांवर, आणि मी त्याच शहराच्या उशाशी येऊन राहिले. पण मटक्याला ओपन होता आणि क्लोज होता. दोन आकडे लागले की दिवस संपला, मामाला मग कामावर जाणं किंवा मामीच्या शिव्या खाणं याशिवाय काही उरायचं नाही. आणि मामीला आकडा कळायचाच, पगाराचं पाकीट तिच्याच हातात पडायचं. माझ्या घरात मी हरतेय हे शेजारी झोपलेल्या माणसाला कळलं नाही.

चांगलंही लिहिते, नाहीतर रिव्ह्यू कसला. पैसे बुडत नाहीत. पूर्वी परदेशी वेबसाइटवर खेळणाऱ्यांना जिंकल्यावर पैसे मिळतील याची खात्री नसे, तक्रार करायला जागा नसे. इथे राज्याचा जुगार विभाग आहे आणि कंपन्या त्याला वचकून असतात. भरण्याची मर्यादा आपण ठरवू शकतो. ती कमी केली तर लगेच लागू होते, वाढवायची तर थांबावं लागतं, ही युक्ती ज्याने काढली त्याला दुवा. स्वतःला एक किंवा पाच वर्षांसाठी बाद करून घ्यायची सोय आहे, आणि ते नाव राज्यातल्या सगळ्या ऑनलाइन कंपन्यांना लागू होतं. चॅटवरची माणसं नम्र. कायदेशीर केल्याने हे सगळं आलं, आणि ज्यांना सरसकट बंदी हवी आहे त्यांनी मामाच्या काळातला हप्तेबाजीचा धंदा आठवावा.

पैसे काढताना मात्र खोच आहे. भरायला चार सेकंद, काढायला तीन दिवस, आणि ते तीन दिवस "पेंडिंग"च्या शेजारी एक हिरवं बटण, "रद्द करून खेळत राहा." मी एकदा दाबलं.

जिंकणाऱ्यांशी वागणं वेगळंच. माझा एक क्लायंट संख्याशास्त्राचा माणूस, खरोखर अभ्यास करून खेळतो. चार महिन्यांत त्याची मर्यादा इतकी खाली आणली की एका बेटला 6 डॉलरच्या वर लावता येईनात. कारण दिलं नाही. हा प्रकार इतका सर्रास आहे की 2024 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या गेमिंग कमिशनने त्यावर कंपन्यांना जाब विचारायला बैठक लावली. हरणाऱ्याला मात्र मानाने वागवतात. कागद घेऊन आलेल्या त्या मुलाला कंपनीचा एक "होस्ट" होता, नावाने मेसेज करायचा, वाढदिवसाला 50 डॉलरचा बोनस बेट. त्याच्या सख्ख्या मामाने तेवढे दिले नसतील.

आता माझी मुख्य तक्रार. या ॲपला सगळं माहीत आहे. मी कुठल्या टीमकडे झुकते, रात्री किती वाजता जागी असते, माझा सगळ्यात मोठा विजय कोणता. तो विजय तर दर आठवड्याला "आठवण" म्हणून दाखवतं. पण एक आकडा पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही: मी आजवर किती भरले, किती काढले, किती गेले. किराण्याच्या बिलालाही खाली बेरीज असते. इथे हिशेब आहे, कायद्याने द्यावाच लागतो, पण कुठे? प्रोफाइल, मग अकाउंट, मग कागदपत्रं, मग "ॲक्टिव्हिटी स्टेटमेंट", मग तारखा निवडा, मग एक पीडीएफ, आणि त्यात प्रत्येक व्यवहार वेगळ्या ओळीत. बेरीज तुमची तुम्ही करा. चॅटवर विचारलं तर त्या बाईंनी हसरा चेहरा टाकून तीच वाट दाखवली.

फेब्रुवारीत, सुपर बोल झाल्यावर, एका संध्याकाळी ते स्टेटमेंट छापून बसले. कॅल्क्युलेटर उघडण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात अंदाज लिहिला, दीडशे गेले असतील. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या बेरजा करणारी बाई मी. मग मांडलं. 214 बेट. साधे 61, त्यात 31.50 गेले. पार्ले 97, गेले 187. लाइव्ह 56, गेले 158.25. एकूण भरले 520, काढले 143.25, गेले 376.75. ठरवले होते 300, तेही ओलांडले. आणि अंदाज निम्म्याहून कमी. मुलगा खोटं बोलत नव्हता हे मला त्या संध्याकाळी पटलं.

सरकारच्या खात्याचीही तीच तऱ्हा. दर महिन्याला राज्य कंपन्यांचं उत्पन्न जाहीर करतं, 2024 मध्ये नुसत्या खेळांवरच्या बेटिंगचं वर्षाचं उत्पन्न शंभर कोटी डॉलरच्या वर होतं. बातमीत शब्द येतो "वाढ". ते उत्पन्न म्हणजे लोकांनी हरलेली रक्कम, दुसरं काही नाही, पण तसा मथळा मी अजून वाचलेला नाही. 1 जुलै 2025 पासून ऑनलाइन बेटिंगवरचा राज्याचा कर 13 वरून 19.75 टक्के झाला. न्यूयॉर्क 51 टक्के घेतं. ज्याच्या ताटात इतकं पडतं तो वाढप्याचा हात कशाला धरेल? अर्थशास्त्रज्ञांनी 2024 पासून कुटुंबांचे बँक व्यवहार आणि क्रेडिट रिपोर्ट तपासून लिहिलंय की ऑनलाइन बेटिंग आलेल्या राज्यांत लोकांची शेअरमधली गुंतवणूक घटली, क्रेडिट स्कोअर उतरले, दिवाळखोरी वाढली, आणि ओढाताण असलेल्या घरांना जास्त बसलं. हे वाचायला मला अभ्यास लागला नाही, माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांत रिटायरमेंटचा हप्ता बंद झालेला दिसतो आणि त्याच महिन्यांत 25, 25, 50 च्या ओळी.

खेळाचं काय होतंय तेही दिसतंच आहे. टोरंटो रॅप्टर्स या बास्केटबॉल संघाच्या जॉन्टे पोर्टरवर एनबीए या लीगने एप्रिल 2024 मध्ये आजन्म बंदी घातली. दुखापत किंवा आजार सांगून सामन्यातून लवकर बाहेर पडायचा, म्हणजे त्याच्या "कमी गुणां"वर पैसे लावणारे जिंकायचे. गेल्या नोव्हेंबरात बेसबॉलमध्ये दोन पिचरवर एकेका चेंडूच्या बेटवरून खटला भरला गेला, तेव्हा कुठे एकेका चेंडूवरच्या बेटला 200 डॉलरची कमाल मर्यादा आली आणि ते पार्लेत बांधणं बंद झालं. एका चेंडूवर पैसे लावायची सोय मुळात का होती, हे कुणी विचारलं नाही.

कराचं एक सांगून ठेवते, कारण ॲप सांगणार नाही. यंदापासून, म्हणजे 2026 च्या उत्पन्नापासून, केंद्रीय करात हरलेल्या रकमेचे 90 टक्केच वजा मिळतील. 40,000 जिंकले आणि 40,000 हरले, तरी 4,000 उत्पन्न धरून कर. स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट ठरावीक वजावट, घेणाऱ्याला तर हरलेल्यातलं काहीच वजा मिळत नाही, आणि बहुतेक तरुण तेच घेतात.

रेटिंग द्यायचंच तर, यंत्र म्हणून साडेचार, दुकान म्हणून दोन. बेरीज पहिल्या पानावर आणली तर तीन करीन.

खातं मी मार्चमध्ये बंद केलं. त्याच आठवड्यात तो मुलगा यंदाचे कागद घेऊन आला. आकडा या वेळी लहान होता, होस्टला ब्लॉक केलंय म्हणाला. सही करता करता विचारलं, "काकू, आई सांगत होती तुम्ही पण खेळलात. किती गेले?"

"376 डॉलर 75 सेंट."

तो मनापासून हसला. "एवढेच? म्हणजे ब्रेक-इव्हनच की."